वर्ध्याच्या पंचांगात अमेरिकी तारखा

अमेरिकी नभोवाणीच्या इतिहासात तीन तारखा हटकून सांगितल्या जातात. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल रेडिओवरून ऐकवले. १५ नोव्हेंबर १९२६ रोजी एनबीसीचे जाळे सुरू झाले आणि १८ सप्टेंबर १९२७ रोजी सीबीएस त्याच्या स्पर्धेत उतरले. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या माणसाला या तारखांचे सोयरसुतक असण्याचे काही कारण नाही. मात्र सीबीएसला चार वर्षे पुरी व्हायला पाच दिवस कमी असताना त्या जाळ्यावरून एक पाहुणा बोलला, आणि तो पुढे पाच वर्षांच्या आत वर्धा तालुक्यातच येऊन राहिला. त्या भाषणाची तारीख १३ सप्टेंबर १९३१.

गोलमेज परिषदेसाठी गांधीजी आदल्याच दिवशी लंडनला पोहोचले होते. सरकारी पाहुणचार टाळून ते पूर्व लंडनच्या कामगार वस्तीत, म्युरिएल लेस्टर यांच्या किंग्जली हॉलमध्ये उतरले. रविवारी संध्याकाळी सीबीएसने तिथेच माइक मांडला. समोर श्रोता दिसत नाही आणि बोलायचे मात्र एका डबीत, हा प्रकार गांधीजींना नवा होता. ह्यातच बोलायचे का, असे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्नही समुद्रापार ऐकू गेला, असे चरित्रकार सांगतात. त्यानंतर हातात कागद न घेता ते सुमारे अर्धा तास बोलले.

त्या बोलण्यात काय होते, हे मुळातून पाहण्यासारखे आहे. परदेशी श्रोत्यांपुढे स्वातंत्र्याची मागणी मांडणारा पुढारी सहसा आपल्या घरातले वाभाडे काढत नाही. गांधीजींनी काढले. भारताचा लढा रक्तपाताशिवाय चालला आहे, म्हणून जगाने त्याच्याकडे पाहावे, हे सांगून झाल्यावर त्यांनी हिंदू-मुसलमानांतील भांडणे, अस्पृश्यता आणि दारू या तिन्हींची लाज जाहीरपणे पदरात घेतली. शेवट चरख्यावर आणि खेड्यांतल्या अर्धपोटी माणसांवर केला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे घरगुती ढंगाचे पहिले रेडिओ भाषण १२ मार्च १९३३ चे, म्हणजे याच्या दीड वर्ष नंतरचे. रेडिओवर घरच्यासारखे बोलण्याचे श्रेय अमेरिकी इतिहासकार रूझवेल्टना देतात. ते खोटे नाही, पण किंग्जली हॉलची नोंद त्याच पानावर व्हायला हवी.

त्या वर्षी गांधीजींच्या बातम्या अमेरिकेला पाठवणाऱ्यांत ‘शिकागो ट्रिब्यून’चा तरुण वार्ताहर विल्यम शायरर होता. पुढे एडवर्ड मरो यांनी त्याला सीबीएसमध्ये घेतले, आणि १३ मार्च १९३८ रोजी, हिटलरने ऑस्ट्रिया गिळला त्या दिवसांत, युरोपातल्या अनेक राजधान्यांतून एकाच कार्यक्रमात बातम्या देण्याचा प्रयोग सुरू झाला, त्यात त्याचाही आवाज होता. आजच्या बातमीपत्राचा साचा तिथला आहे. शायररने म्हातारपणी, १९७९ साली, गांधीजींच्या आठवणींचे पुस्तक लिहिले.

रेडिओच्या भाषणानंतर नऊ दिवसांनी, २२ सप्टेंबर १९३१ रोजी, कॅनिंग टाउन भागात डॉ. चुनीलाल कातियाल यांच्या घरी चार्ली चॅप्लिन गांधीजींना भेटले. त्या काळी जगात सर्वांत ओळखीचा चेहरा चॅप्लिनचा होता, आणि हे गृहस्थ कोण हे गांधीजींना सांगावे लागले. चॅप्लिनने नेमके विचारले ते यंत्रांबद्दल: त्यांना इतका विरोध का? इंग्लंडच्या गिरण्यांनी भारताला परावलंबी केले, म्हणून यंत्राच्या कापडावर बहिष्कार, असा उत्तराचा रोख होता. ‘मॉडर्न टाइम्स’ न्यूयॉर्कमध्ये ५ फेब्रुवारी १९३६ रोजी झळकला आणि ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गेले. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की भेटीतूनच सिनेमा निघाला असे म्हणण्याचा मोह होतो. ती घाई नको. मंदीचे परिणाम चॅप्लिनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

यंत्राच्या प्रश्नावर वर्ध्यात मात्र प्रत्यक्ष काम चालू होते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला होता. त्याचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा अर्थशास्त्र शिकले होते ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. घाणी, चक्की, हातकागद यांवर तिथे प्रयोग होत. गांधीजींना यंत्रच नको होते असे म्हणणाऱ्याने मगनवाडी पाहिलेली नसते.

माइकचेही तसेच. १९४६ साली सेवाग्राम सोडलेले गांधीजी तिथे परत आले नाहीत. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, ऐन दिवाळीत, कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांशी बोलण्यासाठी ते दिल्लीच्या आकाशवाणी भवनात गेले. सोबत राजकुमारी अमृत कौर होत्या. त्यांनी कित्येक वर्षे सेवाग्रामला राहून गांधीजींचा पत्रव्यवहार सांभाळला होता. स्टुडिओत प्रार्थनासभेसारखा तख्त मांडला होता. छावणीत अडीच लाखांच्या आसपास माणसे होती आणि तिथवर प्रत्यक्ष जाणे जमत नव्हते. म्हणून हा मार्ग. आकाशवाणीच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी भाषण केले ते एवढे एकदाच. भारतात १२ नोव्हेंबर आता लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळला जातो. अमेरिकेच्या तीन तारखा केंद्रांच्या आणि कंपन्यांच्या जन्माच्या आहेत. ही तारीख बोलणाऱ्याची आणि त्याहून जास्त ऐकणाऱ्यांची आहे.

वर्ध्याच्या घराघरांत रेडिओ आपल्या मुलखाचा झाला तो यानंतर. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ चे, पण नागपूर केंद्र सुरू झाले १६ जुलै १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येनंतर साडेपाच महिन्यांनी. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते. प्रांत द्विभाषिक, त्यामुळे केंद्रालाही मराठी आणि हिंदी दोन्ही सांभाळावे लागले.

अमेरिकी पडद्यावर गांधीजी परतले ते रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटातून, आणि इथे मराठी माणसे भराभर भेटतात. अंत्ययात्रेचे दृश्य मुद्दाम ३१ जानेवारी १९८१ रोजी, खऱ्या अंत्ययात्रेच्या ३३ व्या स्मृतिदिनी, दिल्लीच्या राजपथावर चित्रित झाले. सुमारे तीन लाख माणसे जमली आणि पडद्यावर त्याची उणीपुरी दोन-तीन मिनिटे उरली. गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, कस्तुरबांच्या भूमिकेत पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी. त्यांना ब्रिटनचा बाफ्टा सहायक अभिनेत्रीसाठी विभागून मिळाला. ११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजलिसला चित्रपटाने आठ ऑस्कर घेतले. त्या दिवशी रोहिणीताई ३२ वर्षांच्या झाल्या.

आठांतले एक वेशभूषेचे होते, भानू अथैया आणि जॉन मोलो यांना मिळून. भानूताई मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातल्या, जन्म २८ एप्रिल १९२९. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकून त्या कपड्यांकडे वळल्या आणि ‘सी. आय. डी.’पासून हिंदी सिनेमात स्थिरावल्या. ‘गांधी’त त्यांचे काम दिसत नाही इतके चपखल आहे. बॅरिस्टराच्या सुटापासून पंचापर्यंत नायकाचे कपडे कमी होत जातात आणि भोवतीच्या गर्दीचे कपडे दशकागणिक बदलतात. जाड्याभरड्या खादीचा पोत आणि त्यावर बसलेला मळ सांभाळण्यात वेशभूषाकाराची कसोटी लागते. भरजरी पोशाखाला तेवढा विचार लागत नाही. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आपल्या मागे ऑस्करच्या बाहुलीची नीट निगा राहील याची खात्री वाटेना, म्हणून २०१२ साली त्यांनी ती अकादमीकडे परत सोपवली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्या काही वर्षांत यांतल्या तीन गोष्टींची शताब्दी येते: मुंबई केंद्राची २३ जुलै २०२७ रोजी, भानूताईंची २८ एप्रिल २०२९ रोजी आणि किंग्जली हॉलच्या भाषणाची १३ सप्टेंबर २०३१ रोजी.