मेंदूतील कुलूप

(२६ जून हा दिवस जगभर अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने मॉरिशसमधील विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले हे भाषण आहे.)



फुटबॉल खेळताना तुमच्यापैकी कोणाचा गुडघा फुटला असेलच. सामना रंगात आला असेल, तर तेव्हा दुखणे फारसे जाणवत नाही. सामना संपतो, आपण खाली बसतो आणि मग गुडघा ठणकू लागतो. इतका वेळ ती वेदना कुठे गेली होती? आपले लक्ष खेळात होते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक नवलाचे आहे. ते समजण्यासाठी आधी अफूची गोष्ट ऐका.

अफूच्या बोंडातील चिकाने वेदना शमते, हे माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन तरुणाने त्या चिकातून वेदनाशामक द्रव्य वेगळे काढले. ग्रीकांच्या मॉर्फियस या स्वप्नदेवतेवरून त्याला मॉर्फिन हे नाव मिळाले. पण मॉर्फिन शरीरात नेमके काय करते, हे कोडे दीडशे वर्षांहून अधिक काळ सुटले नाही.

१९७३ साली अमेरिकेतील कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिले, की मेंदूतील पेशींवर मॉर्फिन बरोबर बसेल अशा खास जागा असतात. या जागांना 'ग्राही' म्हणतात. ग्राही म्हणजे जणू कुलूप आणि मॉर्फिन म्हणजे त्याची किल्ली.

पण एका झाडाच्या चिकासाठी निसर्गाने आपल्या मेंदूत कुलूप कशाला बसवावे? याचे उत्तर १९७५ साली मिळाले. स्कॉटलंडमधील जॉन ह्यूज व हान्स कॉस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत अशीच द्रव्ये सापडली. आपल्या शरीरातही ती तयार होतात. म्हणजे कुलपाची मूळ किल्ली आपल्याजवळच आहे! खेळाच्या भरात तीच वेदना दाबून ठेवते.

ही कुलपे अनेक ठिकाणी आहेत. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत ती उघडली, की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. मेंदूच्या दुसऱ्या भागात ती उघडली, की सुखाची लाट येते. श्वासावर ताबा ठेवणाऱ्या भागातही ती आहेत. तिथे अतिरेक झाला, तर श्वास मंदावतो आणि थांबतोही.

म्हणूनच एकच द्रव्य औषधही आहे आणि विषही. कर्करोगाने तळमळणाऱ्या आजोबांना डॉक्टर मोजून मॉर्फिन देतात, तेव्हा ते वरदान ठरते. त्याला घाबरू नये. परंतु हेरॉइन म्हणजेच ब्राउन शुगर सुखासाठी घेतली, की तीही मेंदूत जाऊन हीच कुलपे उघडते. वारंवार असे झाले, की पेशी पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मात्रा वाढवावी लागते. न मिळाल्यास अंग मोडून येते, झोप उडते, पोटात कळा येतात. मग माणूस सुखासाठी नव्हे, तर हा त्रास टाळण्यासाठी ते घेऊ लागतो. यालाच व्यसनाची बेडी म्हणतात.

ही बेडी तुटू शकते. नालोक्सोन हे औषध कुलपात बसते, पण ते उघडत नाही. उलट आधीची किल्ली बाहेर ढकलते. वेळेवर दिल्यास थांबत आलेला श्वास परत येतो. मेथाडोन हे दुसरे औषध तेच कुलूप उघडते, परंतु सावकाश आणि दीर्घकाळ. त्यामुळे तळमळ थांबते आणि माणूस पुन्हा कामाला लागू शकतो. आपल्या मॉरिशसमध्ये २००६ साली मेथाडोनचे उपचार सुरू झाले.

मित्रांनो, "एकदाच घेऊन बघ," असे कोणी म्हटले, तर हे कुलूप आठवा आणि ठामपणे नाही म्हणा. आणि शेजारचा एखादा दादा या बेडीत अडकला असेल, तर त्याला हिणवू नका. केवळ मन दुबळे म्हणून तो अडकलेला नाही. त्याचा मेंदू आजारी आहे. आजाऱ्याला दगड मारत नाहीत, दवाखान्याची वाट दाखवतात. घरातील मोठ्यांना किंवा शिक्षकांना विश्वासात घेऊन सांगा. लपवण्याने बेडी घट्ट होते, बोलण्याने ती सैल होऊ लागते.

स्वाध्याय
१. सामना चालू असताना दुखणे कमी का जाणवते?
२. मॉर्फिन औषध केव्हा ठरते व विष केव्हा?
३. 'आजाऱ्याला दगड मारत नाहीत' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.