जैवकोळशातील स्फुरद : किती आणि कोणते?

स्फुरदाच्या खतांसाठी भारत मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे. त्यामुळे शेणखत, कोंबडखत प्राणवायूच्या अभावी तापवून केलेल्या जैवकोळशाला आर्थिक महत्त्व आहे. मात्र त्यातील स्फुरद कोणत्या रूपात आहे, हे आधी पाहावे लागते. रेणूंतील बंध ठराविक अवरक्त किरण शोषतात. फॉस्फेटचे ठळक शोषण १००० ते ११०० प्रति सेंटीमीटर या तरंगसंख्येजवळ दिसते. ५६० व ६०० जवळची जोडी ॲपेटाइट सुचवते. सिलिकाही १००० ते ११०० याच पट्ट्यात शोषण करते, म्हणून रासायनिक पडताळणी आवश्यक ठरते. ॲपेटाइट हे रॉक फॉस्फेटचेच मुख्य खनिज. भट्टीचे तापमान वाढले की कॅल्शियमयुक्त खतांत ते वाढते आणि पाण्यात विरघळणारे स्फुरद घटते. भारतात २०१० पासून अनुदान पोषकद्रव्याच्या किलोवर ठरते. पीक मात्र विरघळलेले स्फुरदच घेते.