कागद, काच, पत्रा आणि माणूस

गेल्या काही वर्षांत एक शब्दजोड फार कानावर येते : हरित अर्थव्यवस्था. तिच्या पाठोपाठ हरित रोजगार, हरित उद्योजकता अशी तिची भावंडंही येतात. शब्दांशी माझा रोजचा संबंध. त्यामुळे नवा शब्द भेटला की मी त्याला जरा उलटून पालटून पाहतो. या शब्दाचा साधा अर्थ एवढाच, की पृथ्वीला ओरबाडल्याशिवाय माणसाचं पोट भरता यावं. छपरावर सौरऊर्जेची यंत्रणा बसवणारा, ओल्या कचऱ्याचं खत करणारा, मोडकं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा, असे सगळे त्यात येतात.

मग परिसंवादांत पुढचा प्रश्न निघतो. गोरगरिबांना, दलितांना, भटक्यांना, मुसलमान वस्त्यांतल्या पोरांना या नव्या रोजगाराशी कसं जोडायचं? उत्तरही बहुधा ठरलेलं असतं : प्रशिक्षण द्या. प्रशिक्षणाला माझी ना नाही. पण त्याआधी एक विचारावंसं वाटतं. हे काम आजवर कोण करत होतं?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. पुण्याच्या रस्त्यावर ते पाठीला पोतं लावून चालताना दिसतं.

आमच्या पिढीनं बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आईच्या मांडीवर ऐकल्या. लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं. त्या दुष्काळानं मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं पुण्या-मुंबईकडे ढकलली. त्यांत भूमिहीन दलित कुटुंबं पुष्कळ होती. शहरात आल्यावर पुरुषांना बिगारी, हमाली असं काहीतरी मिळे. बायकांना धुणंभांडी सांगायलाही कुणी तयार नसे, कारण जात आडवी यायची. कचराकुंडी मात्र जात विचारत नव्हती. तिथं भांडवल लागत नव्हतं, ओळख लागत नव्हती. लागत होतं ते वाकणं. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य बायका, आणि त्यातही दलित बायका का, याचं उत्तर या इतिहासात आहे.

आता त्यांचं काम पाहा. कुंडीतून निघालेल्या ढिगातून त्या रद्दी वेगळी काढतात, पुठ्ठा वेगळा. काच वेगळी, पत्रा वेगळा. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, बादलीचा तुकडा ही आपल्या लेखी सगळी प्लास्टिकच. त्यांच्या लेखी तीन वेगळे माल, तीन वेगळे भाव. कितीतरी जणी नुसत्या बोटांच्या स्पर्शावरून आणि चुरगळल्याच्या आवाजावरून प्लास्टिकची जात ओळखतात. ‘जात’ या शब्दाचा एवढा निरुपद्रवी उपयोग मला दुसरीकडे क्वचित आढळला! ही विद्या कुठल्या संस्थेत शिकवली जात नाही. आई शिकवते, सासू शिकवते.

आपली भाषाही गंमतीची आहे. फुलं वेचतात, कापूस वेचतात, शेंगा वेचतात. आणि पुष्कळांतून निवडून काढलेल्या चांगल्या गोष्टीला आपण ‘वेचक’ म्हणतो. ‘वेचक कविता’ म्हटलं की कवीची छाती फुगते. ‘कचरावेचक’ म्हटलं की तोच शब्द नाकाला रुमाल लावतो. वेचणं म्हणजे टाकाऊतून मोलाचं ओळखणं. आम्ही कवी दुसरं काय करतो? माझ्या जुन्या वह्या रद्दीत गेल्या, तेव्हा नेणाऱ्या मावशींनी त्या काट्यावर टाकून रोख भाव दिला. माझ्या कवितेला मिळालेलं ते सर्वांत तत्पर मानधन म्हणायला हरकत नाही.

विनोद बाजूला ठेवू. या कामाला प्रतिष्ठा कशी मिळाली, ती हकिगत सांगण्यासारखी आहे. 1990च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या कचरावेचक वस्त्यांत जाऊ लागल्या. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यांतली दोन नावं. मुलांना शिकवायला गेलेल्या या बायका मग त्या मुलांच्या आयांबरोबर कुंडीपर्यंत गेल्या. घराघरांतून कोरडा कचरा वेगळा मिळाला तर कुंडीत उतरावंच लागणार नाही, हा विचार तिथं पुढे आला. कोरेगाव पार्क भागात काही जणींना तसा वेगळा कचरा मिळूही लागला. थोड्याच दिवसांत एक व्यावसायिक गाडी घेऊन आला आणि दारातून कचरा उचलू लागला. बायकांच्या हातातला माल गेला. त्या गाडीपुढे उभ्या राहिल्या. कचऱ्यात पैसा आहे हे कळताच कचरा कुणाचा हा प्रश्न उभा राहतो, हा धडा त्या दिवसांतला आहे.

1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी होते. या नावावर मी खूश आहे. त्यात एकही जड शब्द नाही. कागद, काच, पत्रा. हातात येतं ते तोंडी आलं. पंचायतीची पहिली मोठी मागणी कर्जाची नव्हती, यंत्राची नव्हती. मागणी होती ओळखपत्राची. पहाटे पोतं घेऊन हिंडणाऱ्या बाईला पोलीस चोर समजून हटकत, सोसायटीचा रखवालदार हाकलून देई. पंचायतीनं दिलेल्या ओळखपत्रावर 1995-96च्या सुमारास पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी शिक्कामोर्तब केलं. प्लास्टिकमध्ये घातलेला तो एक लहानसा पुठ्ठा. पण हे काम शहराचं काम आहे, हे त्यावर लिहिलं गेलं. पुढे आरोग्य विमा आला, पतसंस्था आली, सावकाराच्या दारातला फेरा कमी झाला.

पुढची पायरी मालकीची. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 साली तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. दोन-दोन बायकांच्या जोड्या ठरलेल्या घरांतून ओला-सुका कचरा गोळा करतात. ओला महापालिकेच्या गाडीला देतात. सुका स्वतः वर्गवारी करून विकतात, त्याचे पैसे त्यांचेच. शिवाय घरटी दरमहा ठरलेलं शुल्क त्यांना मिळतं. म्हणजे सेवेचा मोबदला वेगळा, मालाची किंमत वेगळी. कुंडीत भिजलेल्या, चिखलात माखलेल्या कागदापेक्षा घरातून कोरडा आलेला कागद चांगला भाव घेतो, हा तिसरा फायदा. तीन हजारांहून अधिक कष्टकरी या व्यवस्थेत आले. त्या नोकर नाहीत, सभासद आहेत. हरित उद्योजकतेचं याहून ठळक उदाहरण निदान मला तरी माहीत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की गरिबाला हरित कामाशी जोडणारा दुवा बऱ्याच वेळा कौशल्याचा नसतो. कौशल्य तिच्या बोटांत असतं. दुवा असतो ओळखीचा, मालावरच्या हक्काचा आणि जागेचा.

जागेचं थोडं खुलासेवार सांगतो. भंगाराचा भाव पायरीपायरीनं चढतो. वेचणारीकडून किरकोळ दुकानदार, त्याच्याकडून ठोक व्यापारी, मग गठ्ठे बांधणारा, मग प्लास्टिक दळून दाणा काढणारा कारखानदार. मालावर एक हात फिरला की भाव वाढतो. वेचणारी मात्र तळाच्या पायरीवर अडकते, कारण माल साठवायला तिच्याकडे छप्पर नाही. आज वेचलेलं आजच विकावं लागतं. त्यात दुकानदाराकडून घरातल्या आजारपणाला उचल घेतलेली असली तर माल दुसऱ्याला देण्याची सोय राहत नाही. एक पत्र्याची शेड, एक खरा काटा, हाताशी थोडी खेळती रक्कम, एवढ्यानं ती दोन पायऱ्या वर चढू शकते. हे व्यवसायाचं साधं गणित आहे.

आमच्या मोहल्ल्याचंही दुखणं याच जातीचं आहे. भंगाराचं दुकान, मोटार वाइंडिंग, जुन्या पंख्या-फ्रिजची दुरुस्ती, मोबाइलचं काम यांत आमची पोरं लहानपणापासून असतात. माझ्या चुलत्यांच्या दुकानात मी पाहिलंय, बंद पडलेला पंखा कानाशी धरून नुसता हातानं फिरवायचा आणि सांगायचं, बेअरिंग गेलं. वस्तूचं आयुष्य वाढवणं हे हरित काम नाही तर काय आहे? पण त्या पोराकडे आयटीआयचा कागद नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. त्यांत नोंदणी, मोजदाद, उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि ते हवंच होतं. तांब्यासाठी वायर जाळली की तो धूर आधी त्याच गल्लीतल्या लेकरांच्या छातीत जातो. प्रश्न इतकाच, की नोंदणीच्या दारात आमचा तो पोरगा पोचतो का? त्याला हात धरून आत घेतलं नाही, तर कालपर्यंत कारागीर असलेला तो माणूस उद्या नियमबाह्य ठरतो आणि आणखी अंधाऱ्या खोलीत तेच काम करू लागतो. ‘आधीच्या कौशल्याला मान्यता’ अशी सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. तिची ओळख वस्तीच्या नाक्यावर व्हायला हवी.

धोका आणखी एका बाजूनं आहे. मोठे ठेके, मोठ्या गाड्या, कचरा जाळून वीज करणारे प्रकल्प. ओला कचरा धड जळत नाही. जळतो तो कागद आणि प्लास्टिक, म्हणजे नेमकी या बायकांची भाकरी. प्रकल्पाच्या कागदावर ‘हरित’ लिहिलेलं असतं आणि तळाशी हजारो हात रिकामे होतात. पुण्यातली व्यवस्थासुद्धा निर्धास्त कधीच नव्हती. 2020 साली टाळेबंदीत शहर दारं लावून बसलं तेव्हा याच बायका दारोदार आल्या. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कराराची मुदत संपली, तेव्हा त्यांना मुदतवाढीसाठी रस्त्यावर यावं लागलं.

चांगलंही घडलं आहे. 2016च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांची व्याख्या केली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. 2024 साली केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेतही त्यांचा समावेश झाला. कायद्यानं दार किलकिलं केलं आहे. ते पूर्ण उघडायचं काम नगरपालिकेच्या सभागृहात होईल, आणि थोडं आपल्या स्वयंपाकघरातही.

स्वयंपाकघरातलं काम अवघड नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून तसं सांगून द्या. त्या कागदाच्या आत हात जाणार आहे तो कुणाच्या तरी आईचा. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. कचरावेचक बायकांनीच ही खूण पुण्यात सुचवली आणि रुजवली, म्हणजे न उघडता कळावं की आत काय आहे. महिन्याचं शुल्क वेळेवर द्या, आणि देताना उपकार केल्याचा आव आणू नका. तो मेहनतान्याचा पैसा आहे.

आणि तुमच्या गावची नगरपालिका उद्या कचऱ्याचा नवा ठेका काढेल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : आजवर हे काम करणाऱ्या बायकांचं यात काय? त्यांच्यासाठी जागा कुठे ठेवली आहे, हे कागदावर दाखवायला सांगा. निवडणुकीच्या सभेत विचारा, वॉर्डाच्या बैठकीत विचारा. ठेक्यावर सह्या झाल्या की मग उशीर झालेला असतो.