गैरहजेरीचा लाल शेरा
(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



'कर्मचाऱ्यांची गैरहजेरी व आरोग्य' हा विषय मंडळाने आमच्याकडे सोपवला, तेव्हा आम्हांला वाटले की हा तर साहेब लोकांचा विषय. रजा मंजूर करायची की नाही हे ते ठरवणार. आम्ही कारकून मंडळी हजेरीपटावर सही करण्यापुरती. पण थोडा विचार केल्यावर ध्यानात आले की हा विषय त्यांच्यापेक्षा आपलाच अधिक आहे. येथे बसलेल्यांत कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी महापालिकेत, तर कोणी ठेकेदाराकडे सफाईच्या कामावर आहे. आपल्यापैकी कोणी चार दिवस दिसला नाही की कार्यालयात काय कुजबुज होते, ते वेगळे सांगायला नको. इतरांची गैरहजेरी त्यांची एकट्याची असते. आपली मात्र साऱ्या समाजाच्या खात्यावर नावे पडते.

पण आज दुसऱ्यांना बोल लावण्याआधी आम्ही आमच्याच एका चुकीपासून सुरुवात करतो.

२०१० च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाखेत आपल्याच समाजाचे एक वयस्क शिपाई होते. सर्वांना पाणी देणे, व्हाउचर या टेबलावरून त्या टेबलावर नेणे हे त्यांचे काम. अचानक त्यांचे खाडे सुरू झाले. सलग नव्हे, अधूनमधून एकेक दिवस. हजेरीपटावर लाल शेरे वाढले, पगार कापला गेला, शेवटी मेमो निघाला. आम्ही काउंटरवरचे लोक हसून म्हणायचो, "स्वारी आज पुन्हा गावाला!" मेमो घरी पोचवण्याचे काम आमच्याकडे आले, कारण आम्ही त्यांच्या वस्तीजवळ राहत होतो.

घरी गेलो तेव्हा ते अंथरुणावर बसून खोकत होते. विचारल्यावर कळले, क्षयरोग झाला आहे. त्या काळी सरकारी उपचारात, विशेषतः सुरुवातीला, आठवड्यातून तीन दिवस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळ्या घ्याव्या लागत. दवाखान्याची वेळ आणि बँकेची वेळ एकच. उशीर झाला की खाडा मांडला जाणारच, म्हणून ते घरीच थांबत. पगार फारच कापला जाऊ लागला, तेव्हा त्यांनी काही वेळा गोळ्याच चुकवल्या. आम्ही म्हणालो, "काका, साहेबांना का नाही सांगितलेत?" ते म्हणाले, "भाऊ, आधीच त्या शाखेत दोघेतिघे माझ्या हातचा ग्लास उचलत नाहीत. त्यात हे कळलं, तर कोण पिईल माझ्या हातचं पाणी?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. मेमो खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही हजेरीपट काढून पाहिला. लाल शेरे बहुतेक सोमवार, बुधवार आणि शुक्रवारचेच होते! शेरे सर्वांनी मोजले होते, वार मात्र कोणीच वाचले नव्हते. आम्हीही नाही.

काकांची परवानगी घेऊन आम्ही व्यवस्थापकांशी एकांतात बोललो. त्यांनी प्रथम वैद्यकीय रजा दिली आणि नंतर औषधाच्या दिवशी दोन तास उशिरा येण्याची मुभा दिली. उपचार पूर्ण झाले, खाडे थांबले. दोन तासांची सवलत न दिल्यामुळे बँक पूर्ण दिवस गमावत होती, आणि एक माणूसही गमावून बसली असती. बंधूंनो, आमचे म्हणणे एवढेच आहे: गैरहजेरी कमी करायची असेल तर आधी कारण विचारा, मग शेरा मारा.

हे काही आम्ही नवीन सांगत नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. सेवकाला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ त्याच्याबरोबर वाटून खावेत आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. पाचांपैकी तीन, म्हणजे झेपेल असे काम, आजारातील शुश्रूषा आणि सुट्टी, थेट आरोग्याशी निगडित आहेत. विनयपिटकातील महावग्गात प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो संघाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. 'उपयोगी पडत नाही' हाच शेरा आजही आजारी माणसावर मारला जातो.

परमपूज्य बाबासाहेबांनी हीच करुणा कायद्यात उतरवली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूति-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचेच हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ मध्ये कारखान्यातील कामगारांना पगारी सुट्टीचा हक्क मिळाला, आणि बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी मांडले, ते १९४६ मध्ये संमत झाले. आपण रजेचा अर्ज लिहितो, तेव्हा त्यामागे हे कष्ट आहेत याची जाण ठेवावी.

आता कामाच्या जागेकडे पाहू. आमच्या कित्येक भगिनी दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण कार्यालयातील स्वच्छतागृह जाण्याजोगे नसते. मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि रजा पडते. ती रजा 'आजारपण' म्हणून लिहिली जाते. खरे तर ती कडी नसलेल्या दाराची असते. मोडक्या खुर्चीवर आठ तास बसणाऱ्याची पाठ धरते. रक्तदाब आणि साखर यांचा तर पुष्कळदा पत्ताच लागत नाही. माणूस कोसळतो तेव्हाच कळते. वर्षातून एकदा तपासणी, प्यायला स्वच्छ पाणी, धड खुर्ची आणि दाराला कडी, यांना फार मोठा खर्च येत नाही.

ठेकेदारी कामगारांसाठी एक माहिती. ज्यांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांची आस्थापना कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येते, त्यांना अटी पूर्ण केल्यास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात त्याहून अधिक काळ लाभ आहे. तेव्हा आपली वर्गणी भरली जाते का, हे ठेकेदाराला विचारा आणि आपले विमा कार्ड मागून घ्या.

पण केवळ हक्कच सांगून आम्ही खाली बसलो, तर ते अर्धेच भाषण होईल. त्याच सुत्तात सेवकाचीही पाच कर्तव्ये आहेत. काम नीट करणे हे त्यांतले एक. पगार झाल्यानंतरचा सोमवार कितीजण दारूपायी बुडवतात, हे आपल्या घरच्या माउलींना विचारा. पाचवे शील विहारात म्हणायचे आणि रस्त्यात मोडायचे, हे चालणार नाही. खोटा वैद्यकीय दाखला देणारा तर खऱ्या आजाऱ्याचा विश्वास चोरतो. मात्र व्यसनी माणसालाही हाकलू नये, उपचाराला न्यावे. व्यसन हाही आजारच आहे.

शेवटी मंडळाला तीन विनंत्या. विहारात वर्षातून दोनदा रक्तदाब, साखर व डोळ्यांची तपासणी ठेवावी. रजा, विमा आणि मेमोचे उत्तर लिहून देण्यासाठी दर रविवारी दोन जाणकार कार्यकर्ते बसावेत; आम्ही त्यांतले एक होऊ. आणि आपल्यातला कोणी कामावर दिसेनासा झाला, तर त्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्या घरी जावे.

आम्ही गेलो होतो, पण हातात मेमो घेऊन. आपण जाल तेव्हा रिकाम्या हाताने जा, आणि त्याच्या हातचे पाणी मागून प्या.

जयभीम! नमो बुद्धाय!