चाळिशीनंतरचे दप्तर
(विहाराच्या वर्धापन दिनी खापा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण या विषयावर बोला, असा निरोप आम्हाला आला. आमचा अधिकार तो काय? आम्ही साध्या स्टाफ नर्स. वीस वर्षे ड्यूटी केली आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा वर्गात जाऊन बसलो, एवढेच.

जी.एन.एम. झालेल्या नर्सला दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि त्यापुढे दोन वर्षांचे एम.एस्सी. नर्सिंग करता येते. आमची परीक्षा १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एम.एस्सी.ला स्वतः संशोधन करून प्रबंध लिहावाच लागतो. हे वस्तीत कळले तेव्हा शेजारची आजी म्हणाली, "बाई, पोरीचं लगन पाहाचं सोडून तू काहून दप्तर घेतलं?" एका कचेरीतून रजेचा अर्ज दोनदा परत आला. वर्गातल्या मुली आम्हाला मावशी म्हणत. सलाईन, बाळंतपण यातले त्या आम्हाला विचारीत, आणि संख्याशास्त्रातले आम्ही त्यांना. रात्री भांडी आटोपली की आमची बारावीतली मुलगी शिकवायला बसे. "आई, लक्ष कुठं आहे तुझं?" असे तिने रागावले की बरेही वाटे आणि रडूही येई.

आकडेमोड हे नर्सचे काम नव्हे, असे आम्हीही म्हणत होतो. पुढे वाचले की फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी क्रिमियाच्या युद्धातले मृत्यू मोजूनच दाखवून दिले होते, की गोळीने मेले त्याहून कितीतरी जास्त सैनिक रोगाने मेले. मग तक्रार बंद केली.

विषय शोधायला लांब जावे लागले नाही. सिकलसेल. आपल्या विदर्भात, आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार जास्त आहे, हे इथे बसलेल्या कितीतरी मातांना सांगायला नको. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा लेख १९५८ साली लॅन्सेट या विलायती मासिकात आला. म्हणजे आपल्या दंडातले रक्त तपासायला लागून साठ वर्षांच्या वर झाली. ते काम मोलाचेच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण रात्री दोन वाजता लेकरू हातपाय धरून रडते, तेव्हा घरात काय करतात? शेक देतात की थंड पाणी लावतात? हायड्रॉक्सियुरियाची गोळी मधेच का सुटते? आम्ही शोधले तेव्हा त्यावर लिहिलेले फार थोडे हाती लागले. वॉर्डात मात्र हे रोज कानावर येत होते, वीस वर्षे.

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली, ही विनयपिटकातली गोष्ट आपण विहारात ऐकतो. त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. मलमूत्राची किळस नसावी हा त्यातला एक. तो आमच्या धंद्यात आपोआप येतो. रोग्याला काय मानवते आणि काय नाही हे कळावे, हा दुसरा. तो नुसत्या नोकरीने येत नाही. आम्हाला तरी आला नव्हता.

एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली आणि प्रश्नावली घेऊन घरोघरी निघालो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आधी दोन-चार घरी ती करून पाहायची असते. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवायचे, उत्तर देण्याची जबरदस्ती नाही हेही सांगायचे. पहिल्याच घरी आम्ही विचारले, "महिन्यातून किती वेळा दुखतं?" ती माउली आमच्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, "सिस्टर, दुखणं कोण मोजते? माही रोजी किती दिवस बुडाली ते विचारा, ते मले तोंडपाठ हाय."

मार्गदर्शक मॅडमना दाखवून तो प्रश्न आम्ही बदलला. पुन्हा टंकलेखन केले, पुन्हा झेरॉक्स काढल्या, आणि पुढच्या रविवारी परत त्याच घरी गेलो.