परवाना पाच वर्षांचा, सराव किती दिवसांचा?

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय जाहीर झाल्यापासून तीन-चार जणांनी मला फोन करून विचारलं, "अहो, तुम्ही सॉफ्टवेअरवाले, हे पिस्तुलाचं मधेच काय काढलंत?" एका वहिनींनी विचारलं, "मुलांना आणायचं की घरी ठेवायचं?" म्हटलं, जरूर आणा. दाखवायला मी काहीही आणलेलं नाही! इथे ओमानमध्ये परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं हा गुन्हा आहे आणि आपण पाहुणे आहोत. निझवाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या रायफली न्याहाळणारे आजोबा आपण पाहतो, कमरेचा खंजर पाहतो, फोटो काढतो आणि हलवा घेऊन घरी येतो. तेवढंच बरं.

मग हा विषय कशाला? तर आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावच्या घरी परवान्याचं शस्त्र आहे. कुणाकडे कोकणात पीक राखायची बंदूक आहे, कुणाचे सासरे सराफ आहेत, कुणाचे मामा फौजेतून निवृत्त झालेत. कुणाचा भाऊ अमेरिकेत राहतो आणि शर्टाखाली पिस्तूल लावून फिरतो. आपण महिनाभराच्या सुट्टीवर पोरांना घेऊन त्याच घरात उतरतो. त्या कपाटात काय आहे आणि ते हाताळणाऱ्याचा हात किती सरावाचा आहे, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. तो संकोच जावा, एवढाच आजचा हेतू.

आधी कायदा थोडक्यात सांगतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ सालचा, आणि सध्याचे नियम २०१६ सालचे. या नियमांनी एक चांगली गोष्ट केली. परवाना मागणाऱ्याने सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र जोडायचं. दुसरं, सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते झाकलेलं आणि धारकाच्या पूर्ण ताब्यात हवं, मिरवायचं नाही. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणं हा शिक्षेचा गुन्हा ठरला.

म्हणजे कागद पाच वर्षं चालतो. पण हात पाच वर्षं चालतो का? माझा मुद्दा एवढाच आहे. प्रशिक्षण एकदा घेऊन संपत नाही, ते चालू ठेवावं लागतं. ज्याला ते चालू ठेवणं जमत नाही, त्याने शस्त्र बाळगू नये.

१ ऑक्टोबर २०२४ ची बातमी तुम्हाला आठवत असेल. अभिनेते गोविंदा पहाटे मुंबईतल्या घरून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि पायात घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. चोर नाही, भांडण नाही, शत्रू नाही. ही बातमी मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. सुदैवाने ते बरे झाले. सांगायचं हे की कपाट उघडणं आणि वस्तू ठेवणं, या रोजच्या दोन साध्या हालचालीसुद्धा शस्त्राच्या बाबतीत शिकायच्या आणि घोटायच्या असतात. आधी गोळ्या काढायच्या, रिकामं झाल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची, आणि मगच पुढचं.

जगभर चार नियम शिकवले जातात. अमेरिकेचे माजी मरीन अधिकारी जेफ कूपर यांनी ते रूढ केले. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. जे नष्ट करायचं नाही, त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नका. लक्ष्य कोणतं आहे आणि त्याच्या मागे कोण आहे, ते ओळखा. आमच्या चौथीतल्या चिरंजीवांनी हे चारही नियम पाच मिनिटांत पाठ केले. पण पाठ असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं. पहाटेच्या झोपेत खिडकी वाजली की छाती धडधडते, बोटं थरथरतात, नजर एकाच ठिकाणी खिळते. तेव्हा पाठांतर उपयोगी पडत नाही, सवय उपयोगी पडते. सवय न वापरता पडून राहिली तर गंजते.

आकडा हवा असेल तर देतो. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबार-प्रशिक्षणावर रँड या संस्थेचा २००८ साली अहवाल आला. १९९८ ते २००६ या काळात समोरूनही गोळीबार होत असताना पोलिसांच्या गोळ्या लागण्याचं प्रमाण सरासरी १८ टक्के होतं. हे नेमाने सराव-चाचणी देणारे पगारी लोक! उरलेल्या गोळ्या कुठेतरी गेल्याच असतील ना? भिंतीत, गाडीत, किंवा कुणाच्या अंगात. मग तीन वर्षांपूर्वी कधीतरी दहा गोळ्या झाडलेल्या आपल्या मामांचं काय? आणि हे फक्त खाजगी माणसांचं दुखणं नाही. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही आपल्या पोलिसांकडच्या दारूगोळ्याच्या आणि सरावाच्या कमतरतेवर बोट ठेवलं होतं.

अमेरिकेतल्या भावा-बहिणींसाठी एक वाक्य. तिथे निम्म्याहून अधिक राज्यांत पिस्तूल झाकून बाळगायला आता परवानाही लागत नाही. म्हणजे कायदा विचारणार नाही, तेव्हा आपणच आपल्याला विचारायला हवं.

आता आपल्या ओमानचंच बघा. इथले अनेक जण तेलक्षेत्रात कामाला जातात. विषारी वायूचं प्रशिक्षण, वाळवंटातल्या गाडी चालवण्याचं प्रशिक्षण, सगळ्याला मुदत असते. मुदत संपली की वीस वर्षांच्या अनुभवी इंजिनिअरलाही गेटवरून परत पाठवतात. आपण कुरकुरतो, पण रिफ्रेशर करतो. आमच्या धंद्यातही तेच. क्लायंट अभिमानाने सांगतो, "आमच्याकडे रोज बॅकअप होतो." मी विचारतो, "रिस्टोअर करून शेवटचं कधी पाहिलंत?" की सगळे एकमेकांकडे बघतात.

कोल्हापूरकर इथे बसलेत, त्यांना सरावाचं महत्त्व मी काय सांगणार? तेजस्विनी सावंत २०१० साली विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य आणलं. त्यांचं लक्ष्य तर जागचं हलत नाही, मागे कुणाचं मूलही उभं नसतं. तरी ही मंडळी वर्षानुवर्षं घाम गाळतात.

आता थोडं घरचं. आमचे आप्पा फौजेतून निवृत्त, राहणार सातारा जिल्हा. त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर. धारकाने सत्तरी गाठली की शस्त्र वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करायची सोय नियमांत आहे. सत्तरी झाल्यावर आप्पा म्हणाले, "तुझ्या नावावर करून घे. कपाटातच तर राहणार हाय." आई गप्प. नाही म्हणणं सोपं नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने ती वस्तू नव्हती, इज्जत होती.

मी सुट्टीत रीतसर प्रशिक्षण घेतलं. शेवटच्या दिवशी प्रशिक्षकांना विचारलं, "सर, वर्षातले अकरा महिने मी मस्कतला असतो. चालेल का?" ते म्हणाले, "हे सर्टिफिकेट तुमच्या आजच्या हाताचं आहे. पुढच्या वर्षीच्या हाताचं मी काय सांगू?"

घरी येऊन मी आप्पांना विचारलं, "फौजेत दर वर्षी फायरिंग का द्यावं लागायचं?" ते लगेच म्हणाले, "न दिलं तर रायफल हातात कोण देईल?" आणि मग स्वतःच थांबले. आठवडाभर विषय निघाला नाही. नंतर एका सकाळी ते कागदपत्रं घेऊन निघाले, आणि रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून आले. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण आता सुट्टीत पोरं त्या खोलीत लपाछपी खेळतात, तेव्हा आई दाराशी उभी राहत नाही.

सगळ्यांनी शस्त्र सोडावं असं मी म्हणत नाही. आडरानात राहणाऱ्याची, रात्री रोकड घेऊन जाणाऱ्याची गरज खरी असते. त्यांनी मात्र ठरावीक दिवशी रेंजवर जायलाच हवं. घरी रिकाम्या शस्त्राने सराव करायचा तर गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात हव्यात. डोळे, हात, चालू असलेली औषधं, सगळं तपासायला हवं. आणि कायदाही दर वेळी उजळायला हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आणि त्याच्या मर्यादा आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. झाडायचं कधी नाही, हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

या दिवाळीत गावी जाल तेव्हा फराळ झाल्यावर हळूच चार प्रश्न विचारा. शस्त्र कुठे आहे? किल्ली कुणाकडे? गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का? आणि शेवटचा सराव कधी केलात? मोठी माणसं रागावतील कदाचित. रागावू द्या, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.

शुभ दीपावली!