अंधाराआधीच्या शेवटच्या पायऱ्या

मी भिलाईच्या रुआबांध्यातून बोलतोय. इथे प्लांटमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा : तापलेलं पोलाद निवताना आधी पिवळं, मग नारिंगी, मग लाल होत काळं पडतं. हॅलोजन दिव्याची तारही तशीच विझते. म्हणून नाटकातला फेडआउट डोळ्यांना खरा वाटायचा.

एलईडीत तारच नाही. लोक विचारतात, उजेड जास्तीत जास्त किती? अडचण तळाला आहे. डीएमएक्सच्या एका चॅनेलवर 0 ते 255 अशा पायऱ्या. 255 वरून 254 वर आलात तर कुणाला कळत नाही. पण साध्या सरळ कर्व्हवर 2 वरून 1 म्हणजे उजेड थेट निम्मा! मरणाच्या प्रसंगात तो धक्का पहिल्या रांगेला दिसतो.

दिव्याच्या मेनूत 16 बिट मोड असेल तर घ्या. 65,536 पायऱ्या मिळतात. चॅनेल एक जास्त जातो, जाऊ द्या. नसेल तर पुढे गडद फिल्टर लावा. दिवा वरच्या पायऱ्यांवर चालतो आणि तळाची उडी फारशी दिसत नाही.

शेवटच्या अंधारासाठी एक हॅलोजन मात्र मी अजून ठेवतो. वीज खातो, तापतो, तरीही.